संगणकखोलीच्या चौकीपहाऱ्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सरी, श्रावणमासी, बारामती परगणे, नीरेकाठच्या विद्यालयी नववी ब च्या मुलींनी जी मोहीम फत्ते केली ती यथास्थित लिहिली जाते. चित्त देऊन वाचावे. मधल्या सुट्टीत वाचल्यास डबा बाजूस ठेवावा.

विद्यालयी संगणक एकच. त्याजवर व्हायरस नामे गनीम चालून आला. तो फ्लॉपीत दडून येई आणि पडद्यावरील अक्षरे पिकल्या बोरांसारखी खाली पाडी. लष्करातून निवृत्त होऊन संगणक शिकवावयास आलेले सुभेदार कुंडलिकतात्या यांनी दोन वेळां गनीम मारून काढिला आणि दोन्ही वेळां तो पुन्हा आंत. मग हेडमास्तर श्रीमंत दादासो सर कोपायमान होऊन फर्माविते जाहले की, आणखी एक वेळ बिघाड झालियास खोलीस कुलूप, मुलींचा संगणकवर्ग बंद, सबब त्यांनी शिवणकाम शिकावे. 

मग तात्यांनी नववी ब ची फौज बांधिली आणि साजिया हिजला सेनापती केले आणि मनिषा हिजला दारी पहाऱ्यास ठेविले की, आलेली प्रत्येक फ्लॉपी तपासल्याखेरीज आंत न जावी. परंतु सेनापती म्हणजे काय, तर वादळ. ती दारी धावे, मग कळफलकाकडे धावे, मग मनिषास सारून आपणच मुलींची दप्तरे धुंडी आणि तेवढ्यात चार मुली मागून आंत. तात्या शांतपणे बोलिले, "साजिया, समदं तूच करणार तर मनिषा काय शोभंला उभी हाय व्हय? माणूस नेमलं की त्याच्या पाठीशी ऱ्हायचं."

सेनापतींचे तोंड एवढेसे जाहले. 

शनिवारी प्रातःकाळी खासा श्रीमंतांची स्वारी आली. सदऱ्याच्या खिशात फ्लॉपी. मनिषा आडवी जाहली.

"सर, फ्लॉपी हितं ठेवा. तपासल्याबिगर आत न्हाय."

"अगं, मी हेडमास्तर आहे."

"व्हय सर. म्हणून तर सर म्हणलं."

श्रीमंतांनी सेनापतीस आज्ञा केली की, हीस बाजूस करावे. कुलूप त्यांचेच हाती, हे साजिया पुरते जाणून होती. ती उठली, आणि मनिषाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"दारावर तिचं चालतं, सर. माझंबी न्हाय."

मग श्रीमंतांनी फ्लॉपी दिधली. तात्यांनी तपासली, तो आंत तोच गनीम! पुण्याच्या जावयांनी दिलेला पत्त्यांचा खेळ. शाळा सुटलियावर श्रीमंत तो याच संगणकावर एकांती खेळत आणि त्याच वाटेने गनीम दर वेळी राजरोस येई.

श्रीमंत हळूच पुसते जाहले, "डाव तेवढा वाचेल का?"

"न्हाय सर," तात्या बोलिले.

कुलुपाचा हुकूम रद्द जाहला. वर्ग कायम राहिला. तेव्हापासून दर शनिवारी श्रीमंतांची स्वारी दारी येते, कोणी पुसण्याआधी खिसे उलटे करून दाखविते, आणि मनिषा मान डोलावून वाट देते; आणि सेनापती साजिया आंत आपले जागी बसून असते, मागे वळूनही पाहत नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती लिहून ठेविली असे.