आप्पांचा माउथ ऑर्गन : रॅक एक, खण एक

माझ्याकडे वस्तू हरवत नाही! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बावीस वर्षं मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. अकरा हजार चारशे नग माझ्या ताब्यात. वीज गेली तरी अंधारात हात घालून पाव इंची वॉशर काढून देईन. एकदा मॅनेजरसाहेबांचा चष्मा हरवला, तोही मीच काढून दिला. रॅक सात, खण चार. तिथे तो कसा गेला हा प्रश्न वेगळा; पण नोंद होती!

असा माणूस घरात बसलेला असताना बायको गाणी लावायचं काम स्वतः करायला निघाली. कसं सहन व्हावं?

त्या रविवारी सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, पंचाहत्तरावा वाढदिवस आमच्या घरी व्हायचा होता. आमच्या म्युझिक सिस्टीमने महिन्यापूर्वीच मान टाकली होती, म्हणून गाणी वाजणार होती गेम खेळायच्या कन्सोलवर. कन्सोल बायकोचा. चुकून लिहिलेलं नाही, बायकोचाच! ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांचे वासलेले आ बघून आली की ती टीव्हीसमोर बसते आणि तासभर गाड्यांच्या शर्यती करते. ज्या पेशंटने दिवसा छळलं असेल, त्याच्या नावाने एकेका गाडीला अशी धडक देते की सोफ्यावर बसलेला मी पाय वर घेतो.

तर त्याच कन्सोलला गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावायचा, टीव्हीवर यादी येते, हवं ते गाणं दाबायचं. इतकं सोपं.

"सोपं कसलं!" मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर चार हजार तीनशे बारा गाणी आहेत. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर सात', 'इकडचं तिकडे'. नुसत्या 'ट्रॅक ०१' नावाच्या त्रेसष्ट फाइली! हे घर आहे की भंगाराचं आवार?"

"अहो, चाळीस गाणी लागणार आहेत फक्त. मी निवडते."

"तू शर्यत लाव. हे माझ्यावर सोड."

ती गप्प झाली. बायको गप्प झाली की मी जिंकलो असं मला बावीस वर्षं वाटत आलेलं आहे.

"बरं," ती म्हणाली. "पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आप्पांची टेप."

ही टेप म्हणजे आमच्या सासुरवाडीची खानदानी दौलत. पन्नास वर्षांपूर्वी आप्पांनी मित्राकडून टेपरेकॉर्डर मागून आणला, सासूबाईंना समोर बसवलं आणि माउथ ऑर्गन वाजवून दाखवला. तो ऐकून सासूबाईंनी जागच्या जागी लग्नाला होकार दिला! ही हकिकत आप्पा दर भेटीला सांगतात. शेवटी एक सुस्कारा असतो, "पुढे संसारासाठी कला सोडली." सासूबाई तेवढ्यात उठून पाणी आणायला जातात.

टेप चाळीस वर्षं बेपत्ता होती. नुकतीच माळ्यावरच्या पेटीत सापडली. बायकोने ती रेकॉर्डिंगवाल्याकडे नेली. त्याने तिची फाइल करून दिली आणि सांगितलं, "बाई, वाजता वाजताच फीत तुटली. आता एवढंच काय ते." ती फाइलसुद्धा, दुर्दैवाने, 'ट्रॅक ०१'च.

"कुणी ऐकायची नाही," बायकोने बजावलं होतं. "मीसुद्धा नाही. रविवारी आप्पांबरोबरच. आणि ती गेली ना, तर मी रागावून माहेरी जाणार नाही. तुम्ही जाल माझ्या माहेरी, आणि आप्पांना तोंडाने सांगाल."

"माझ्याकडे वस्तू हरवत नाही!"

घरी आलो की रोज संध्याकाळी मी कामाला बसायचो. पद्धत कारखान्याचीच. नाव बघून वस्तू शोधणं हे हौशी लोकांचं काम. नग ओळखायचा तो नंबराने! आधी भांडाराचं नाव, मग रॅक, मग खण, मग नग. एका विरहगीताचं नाव झालं 'संगीतभांडार-रॅक २-खण ५-०९१'. रॅक एक घरगुती, रॅक दोन दुःखी, रॅक तीन वाद्यं, रॅक चार संकीर्ण. संकीर्णमध्ये बायकोच्या व्यायामाच्या सूचनासुद्धा नीट बसल्या. अगदी पहिली जागा, रॅक एक, खण एक, नग एक, मी आप्पांसाठी राखून ठेवली. मानाची जागा! तिथे त्यांना शेवटी बसवणार होतो.

शेजारी शर्यत चालू असायची. पडद्यावरची एक निळी गाडी कठड्यावरून खाली फेकत बायकोने विचारलं, "नावं का पुसताय गाण्यांची?"

"रजिस्टर आहे ना! शहाऐंशी पानी. प्रत्येक नगासमोर नाव."

"म्हणजे गाणं हवं असेल तर आधी पुस्तक वाचायचं?"

"याला शिस्त म्हणतात."

"याला गोदाम म्हणतात," ती म्हणाली आणि आणखी एक गाडी दरीत गेली.

शुक्रवारी मी कारखान्याचा सोन्यासारखा नियम लावला. जो नग तीन वर्षं हलला नाही, तो डेड स्टॉक! त्याला जागा द्यायची नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक गाण्यासमोर ते शेवटचं कधी वाजलं याची तारीख असते. तीन वर्षांत न वाजलेली दोन हजार सत्त्याऐंशी निघाली. यादी छापली, सही केली, शिक्का मारला (घरी एक शिक्का असावा) आणि सगळी भंगारात काढली. भंगार आवारात ठेवायचं नसतं, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. उरलेली दोन हजार दोनशे पंचवीस पेन ड्राइव्हवर चढली. शनिवारी कन्सोलला लावून, यादीकडे न बघताच, पहिलं गाणं दाबलं, ते वाजलं. शंभरात एक नग तपासायचा आणि माल पास करायचा, हीच आमची रीत. माल पास!

रविवारी अकरापासून पाहुणे यायला लागले. आप्पा नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसले होते. सासूबाई शेजारी. मेव्हणा ड्रायव्हिंग शाळेत शिकवतो. समोरच्याची चूक व्हायच्या आधीच ओरडायची त्याला सवय. तो कन्सोलच्या अगदी जवळ जागा धरून होता. पेन ड्राइव्ह बायकोने सकाळीच कन्सोलमध्ये खोचून टाकला होता.

"केक कापल्यावर टेप लावू या," ती मला हळूच म्हणाली. "कितवा नंबर आहे?"

"रॅक एक, खण एक, नग एक!" मी थाटात म्हणालो आणि रजिस्टरचं पहिलं पान उघडलं.

पहिली ओळ कोरी होती.

आप्पांना शेवटी बसवायचं होतं ना? बसवायचं राहूनच गेलं होतं! "एक मिनिट" म्हणून मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरकडे धावलो. 'ट्रॅक ०१' शोधला. नाही. 'नवीन फोल्डर' शोधला. नाही. मग मी डेड स्टॉकची यादी उचलली. अगदी शेवटच्या पानावर, शेवटची ओळ. 'ट्रॅक ०१. शेवटचा वापर : कधीच नाही. निर्णय : भंगार.' खाली माझी सही. वळणदार. वर शिक्का.

कुणी ऐकायची नाही म्हणून कुणी ऐकली नव्हती, आणि कुणी ऐकली नाही म्हणून मी ती फेकून दिली होती! पन्नास वर्षं टिकलेलं प्रेम मी शुक्रवारी पावणेसात वाजता निकालात काढलं.

"अहो, केक!" बाहेरून हाक आली.

घाबरलेल्या माणसाचं डोकं भलतंच वेगाने चालतं. रॅक तीन, वाद्यं. त्यात माउथ ऑर्गनचा एक नग होता, कुठून आला देव जाणे. पन्नास वर्षांपूर्वीचं वाजवणं कुणाला आठवतंय? रजिस्टरमध्ये पाहिलं, एकूण अनुक्रमांक एक हजार तीनशे सेहेचाळीस. यादी रजिस्टरमध्ये कोंबून, ते काखेत मारून मी बाहेर आलो, कंट्रोलर हातात घेतला आणि टीव्हीवर यादी उघडली.

कन्सोल नावाची पहिली चारच अक्षरं दाखवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संगीतभां... खाली संगीतभां... त्याच्याखाली संगीतभां... दोन हजार दोनशे पंचवीस वेळा!

"भावजी, एकच गाणं आहे वाटतं," मेव्हणा म्हणाला. "मोठं दिसतंय पण."

"मोजून जायचं असतं," मी म्हणालो आणि खालचं बटण दाबायला लागलो. एक, दोन, तीन... चारशे दहापर्यंत ठीक चाललं होतं. तेवढ्यात मेव्हण्याने विचारलं, "भावजी, तुमच्या कारखान्यात माणसं किती?"

"चारशे साठ," मी म्हणालो आणि पुढे मोजू लागलो, चारशे एकसष्ट, चारशे बासष्ट...

शेवटी दाबलं. एक बाई धाय मोकलून रडायला लागल्या. रॅक दोन! आप्पांनी केकवरची सुरी खाली ठेवली.

"पंचाहत्तरीला हे?" सासूबाई म्हणाल्या.

मी घाईघाईने भराभर खाली गेलो आणि पुन्हा दाबलं. एक खणखणीत आवाज आला, "दोन्ही हात वर! खोल श्वास घ्या! आणि धरून ठेवा!" बारा पाहुण्यांनी हात वर केले. एक वयस्कर शेजारी खरोखर श्वास धरून बसले. पुढची सूचना यायच्या आत मी गाणं बदललं, तेव्हा त्यांनी मला काकुळतीने विचारलं, "सोडू का?"

बायको माझ्याकडे बघत होती. पेशंटने 'आता दुखत नाही' म्हटल्यावर ती बघत असेल, तसं.

तिसऱ्यांदा मी देवाचं नाव घेऊन दाबलं आणि माउथ ऑर्गन वाजू लागला! काय सूर! लोण्यातून सुरी फिरावी तसे. आप्पांनी डोळे मिटले, मान डोलायला लागली. "बघा," ते पुटपुटले, "म्हणत नव्हतो?" पाहुणे एकमेकांकडे आश्चर्याने बघू लागले. मी भिंतीला टेकलो. वाचलो!

आणि बारा व्हायोलिनं सुरू झाली.

"आप्पा," मेव्हणा म्हणाला, "खोलीत तुम्ही दोघंच होतात ना?"

आप्पांनी एक डोळा उघडला. "शेजारी व्हायोलिन शिकत असत."

"बाराजण?"

"मोठं कुटुंब होतं!"

तेवढ्यात तुकडा संपला आणि हजारभर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी शिट्टीही मारली. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा क्षणभरच गडबडले.

"खिडकी उघडी होती," ते म्हणाले.

सासूबाई इतक्या हसत होत्या की त्यांचा चष्मा केकमध्ये पडला. बायको मात्र उठली, शांतपणे माझ्यासमोर आली आणि हात पुढे केला. मी कंट्रोलर दिला. तिने काखेतलं रजिस्टरही काढून घेतलं. त्यातून डेड स्टॉकच्या यादीचं शेवटचं पान खाली पडलं. तिने उचललं, वाचलं, शिक्का बघितला.

"मी..." मी म्हणालो. "तो नियम आहे कारखान्याचा."

"माहीत आहे मला तुमचा कारखाना," ती म्हणाली. "म्हणून तर ज्या दिवशी फाइल मिळाली, त्याच दिवशी एक प्रत कन्सोलच्या पोटात ठेवली होती. तुम्ही कबूल कधी करताय, याची वाट बघत होते."

तिने दोन बटणं दाबली. दोनच! पडद्यावर साध्या अक्षरांत आलं, 'आप्पांची टेप'.

आधी खरखर. मग एक सूर आला. त्याला सूर म्हणायचं ते केवळ वयाचा मान ठेवून. तेल नसलेलं फाटक कुणीतरी रागाने उघडावं, मग बंद करावं, मग त्यात बोट सापडावं, असं काहीतरी. मध्ये खोकला. पुन्हा पहिल्यापासून. मग एका तरुण मुलीचा आवाज, हसू दाबत असलेला :

"थांबा! थांबा बघू! लग्नाला माझा होकार आहे. फक्त हे पुन्हा कधी वाजवायचं नाही. कबूल?"

आणि एका तरुणाचा, तत्काळ :

"कबूल!"

खट्. संपली.

सासूबाईंनी चष्मा पुसला, पण घातला नाही.

"शब्द पाळला हो यांनी," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं. एकदासुद्धा वाजवला नाही."

आप्पा केककडे बघत होते. कान लाल झाले होते. मग सासूबाईंनी त्यांच्या हातात सुरी दिली, स्वतःचा हात त्यावर ठेवला आणि दोघांनी मिळून केक कापला. बायको भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी तिला रुमाल द्यायला गेलो, तर तिने तो घेतला. म्हणजे माहेरी जायचं रद्द!

पाहुणे निघाल्यावर आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"जावईबापू, ते पहिलंच परत लावा बघू एकदा. त्यात माझा हात चांगला बसला होता."

मी निमूटपणे कंट्रोलर घेतला. संगीतभां... एक. संगीतभां... दोन. आप्पा शेजारी बसून मोजायला मदत करत होते, त्यामुळे आम्ही तीनदा चुकलो.

माझ्याकडे वस्तू हरवत नाही, हे मी अजूनही म्हणतो. फक्त आता घरात म्हणत नाही. रजिस्टर बायकोने ठेवून घेतलंय. रॅक एक, खण एक, नग एक ही जी कोरी ओळ होती ना, ती परवा भरलेली दिसली. अक्षर तिचं होतं :

'नवरा. एक नग. बावीस वर्षांत सोफ्यावरून हललेला नाही. नियमाने भंगार. तूर्त ठेवून घेतला आहे.'

शिक्कासुद्धा मारला होता.