पाचाचं वर्गमूळ आणि लिटरभर दूध

"दूध तापत ठेवलंय. ते सोडून दुसऱ्या कशात डोकं घालू नका," असं बजावून बायको भाजी आणायला गेली. गणिताचे निवृत्त मास्तर गॅसपाशी पहारा देत उभे राहिले. पण दूध वर यायचं नावच घेईना. तेवढ्यात पायपुसणं झटकून घ्यावं म्हणून ते दाराबाहेर आले, आणि मागे वाऱ्यानं दार धाडकन लागलं.

मास्तर मुळीच घाबरले नाहीत. जावयानं कालच दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं होतं. लोक त्यात जन्मतारीख घालतात आणि चोरांची सोय करतात, म्हणून मास्तरांनी त्याला फर्मावलं होतं, "पाचाच्या वर्गमुळाचे पहिले सहा अंक घाल." जावई झाला तरी त्याला ते अरे-तुरेच करत, नववीत तो त्यांच्याच वर्गात होता. हे वर्गमूळ कुठे संपत नाही की त्यातले अंक ठरावीक चालीनं फिरून येत नाहीत. चोरानं जन्मभर डोकं फोडलं तरी हाती लागायचं नाही. मास्तरांना मात्र ते तोंडपाठ. त्यांनी ऐटीत दाबलं: दोन, दोन, तीन, सहा, शून्य, सहा.

कुलूप किंचाळलं.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा तेच अंक दाबले. कुलूप पुन्हा किंचाळलं. तिसऱ्यांदा चुकलं की ते अर्धा तास कुणाला दाद देत नाही, हे जावयानं सांगितलं होतं. आतून करपल्याचा वास येऊ लागला. मास्तरांनी कुंडीतला खडा उचलला आणि जिन्याच्या भिंतीवर सगळं वर्गमूळ नव्यानं काढलं. उत्तर तेच! आता मात्र त्यांनी खिशातला फोन काढून जावयाला लावला.

"काय घातलंस रे कुलपात?"

"तुम्ही सांगितलंत तेच, सर. फक्त शेवटी सहाच्या पुढे सात येत होता, म्हणून सहाचा सात केला."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच! पुढचा अंक पाच किंवा जास्त असेल तर आधीचा एकानं वाढवायचा. चाचणीत विसरलो, तर मार्क कापले होतेत."

"अरे, ते पेपरात! मी पहिले सहा अंक म्हटलं होतं! तिथे सात चूक आहे. मी चुकीचं उत्तर दाबणार नाही!"

"पण दार सातनंच उघडेल, सर."

एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बायको जिना चढून आली. तिनं भिंत पाहिली, वास घेतला, फोनमधला आवाज ऐकला.

"बाजूला व्हा. काय दाबायचं ते सांगा."

मास्तरांनी पाच अंक खणखणीत सांगितले. सहावा तोंडातल्या तोंडात.

"मोठ्यानं!"

"सात."

दार निमूटपणे उघडलं. बायकोनं धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं.

"किती उरलंय?" तिनं विचारलं.

मास्तरांनी पातेलं तिरपं करून पाहिलं. "तळाशी... चमचाभर असेल."

"लिटरमध्ये सांगा. जवळच्या पूर्णांकात."

मास्तरांनी पातेलं हळूच मोरीत ठेवलं.

"शून्य," ते म्हणाले, आणि दुसरं दूध आणायला पिशवी शोधू लागले.