फॅक्सचा रकाना

अनुभव ही फार जोखमीची वस्तू आहे. ती एकाच माणसाकडे जास्त दिवस राहिली की त्याला वाटायला लागतं, आपल्याला काम येतं. म्हणून कोणतीही शिस्तीची संस्था एका माणसाकडे अकरा महिन्यांच्या वर अनुभव साठू देत नाही.

आमचा संघ शिस्तीचा आहे. जुना जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. शेतकऱ्यांकडून संकरित बियाणं पिकवून घ्यायचं आणि ते कंपन्यांना पुरवायचं, हे आमचं काम. (संघाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक फोन करतात, आणि फोन कोणी उचलायचा हे अजून ठरलेलं नाही.) मी अप्पाराव, आस्थापना शाखेतला वरिष्ठ सहायक. मी कायम आहे. त्यामुळे मला काय येतं, असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझ्या समोरच्या टेबलावर भुजंग बसायचा. केदारखेड्याचा, वय अठ्ठेचाळीस, कंत्राटी डेटाबेस चालक. संघातल्या एकेचाळीस हजार तीनशे सहा शेतकऱ्यांच्या नोंदी एकोणीस वर्षं त्याच्या हाताखाली होत्या. कागदोपत्री मात्र त्याचा अनुभव अकरा महिन्यांचा, कारण दर अकरा महिन्यांनी त्याचा करार संपायचा, एक दिवसाचा तांत्रिक खंड पडायचा आणि दुसऱ्या दिवशी तो नव्याने रुजू व्हायचा. असे वीस करार झाले होते. खंडाच्या दिवशी त्याला कार्यालयात यायला मनाई असे. तो समोर उषाबाईंच्या टपरीवर बसायचा आणि आम्ही एकेक जण खाली जाऊन पासवर्ड विचारून यायचो. शिस्त म्हणजे शिस्त.

आता फॅक्सबद्दल. आमची जुनी प्रणाली ज्या काळात आली त्या काळात फॅक्स हे प्रगतीचं लक्षण होतं. म्हणून शेतकऱ्याच्या नोंदीत नाव, गाव, गट नंबर आणि फॅक्स असे रकाने होते, आणि फॅक्सचा रकाना रिकामा ठेवला तर नोंद पुढे सरकत नसे. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडे फॅक्स यंत्रं किती, याची पाहणी संघाने केली होती. संख्या शून्य निघाली. (अध्यक्षांकडे एक होतं, पण त्यावर फुलदाणी होती.) प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, तर कंपनी म्हणाली, शेतकऱ्यांना फॅक्स घ्यायला सांगा.

भुजंगने कंपनीशी वाद घातला नाही. त्याने त्या रकान्यात कामाचं लिहायला सुरुवात केली. उदाहरणादाखल:

‘कांताबाई, केदारखेडा. फॅक्स: फोन नवरा उचलतो. हो हो म्हणतो, निरोप देत न्हाई. चारनंतर करा, बाई स्वतः असतात.’

‘कडूबा, कुंभार पिंपळगाव. फॅक्स: शेजारी भावाचं रान. बोलणं बंद. ह्यानं मिरची लावली की भाऊ मुद्दाम दुसऱ्या जातीची मिरची लावतो, बियाणं भेसळतं. इथं मिरचीचा प्लॉट देऊ नये.’

‘द्वारकाबाई. फॅक्स: सही इंग्रजीत करतात. अंगठ्याचं विचारू नये, लई राग येतो.’

संघ चालत होता तो या रकान्यावर. अहवालात मात्र आम्ही ‘दूरदृष्टी’ असं लिहायचो, आणि ती अध्यक्षांची असायची.

मग गेल्या वर्षी परिपत्रक आलं. काळ बदलला, म्हणून डेटाबेसही बदलणार. नव्या प्रणालीचं नाव ‘निराकार’. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीने ती सुचवली होती. सर्वांचं पुनर्प्रशिक्षण होणार होतं आणि त्यासाठी तीन गट पाडले होते. गट अ, कायम कर्मचारी: यांना प्रशिक्षणाची गरज नाही, कारण ते कायम आहेत. गट ब, सलग तीन वर्षांचा अनुभव असलेले कंत्राटी: यांना अर्ध्या दिवसाची ओळख आणि नाश्ता. गट क, नवशिके: यांना पाच दिवस वर्ग, शेवटी शंभर गुणांची परीक्षा. सत्तरच्या खाली गुण पडले तर करार पुढे चालू नाही.

एकोणीस वर्षांचा भुजंग गट क मध्ये गेला. यात कोणाचीही चूक नव्हती, मी स्वतः तपासलं. त्याच्या वीस खंडांचे वीस आदेश माझ्याच सहीचे होते.

परिपत्रकात एक माणुसकीचं कलमही होतं. कोणाही कायम कर्मचाऱ्याने ‘हा इसम माझ्या प्रत्यक्ष माहितीनुसार सलग काम करत आला आहे’ असा दाखला दिला, तर खंड माफ होऊन त्याला गट ब मिळणार होता. भुजंग तो छापील दाखला घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. आम्ही एकोणीस वर्षं एकत्र डबा खात होतो.

“अप्पाराव, एक सही लागती,” तो म्हणाला. “परीक्षेची भीती वाटून राह्यली. ह्या वयात काढलं तर दुसरीकडं कोण घेतंय?”

मी म्हणालो, बघतो. आता तुम्हीच विचार करा. तो सलग आहे असं मी लिहून द्यायचं, आणि तो सलग नाही असे वीस आदेश माझेच. उद्या कोणी विचारलं तर? (एकोणीस वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही. पण म्हणूनच भीती जास्त.) मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्यावर पेन्सिलीने ‘विचाराधीन’ असं लिहिलं. पेनाने लिहिलं नाही, एवढी काळजी मी घेतली.

प्रशिक्षण उत्तम झालं. शिकवायला सल्लागार कंपनीकडून रूपाली मॅडम आल्या. या मूळच्या आमच्याच. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा भुजंगच्या शेजारी खुर्ची टाकून त्याच्याकडूनच सगळं शिकल्या, आणि मग पुण्याला गेल्या. आता त्या वरिष्ठ परिवर्तन तज्ज्ञ होत्या. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांना ‘नवशिके, क्रमांक चौदा: भुजंग’ असं वाचावं लागलं. त्या वाचताना खाली बघत होत्या, असं वर्गात चहा घेऊन गेलेल्या भिवाने मला सांगितलं.

पहिला दिवस ‘माहिती म्हणजे काय’ यात गेला. दुसऱ्या दिवशी निराकारचं रहस्य उघड झालं. जुन्या प्रणालीत सर्वांना सारखेच रकाने असत. निराकारमध्ये रकानेच नाहीत. ज्याच्या नोंदीत जे लिहायचं ते मोकळेपणाने लिहावं, आणि ते हुडकून काढायचं काम प्रणालीचं. जगभरात लोक यासाठी वेडे झाले आहेत असं मॅडमनी सांगितलं.

भुजंगने हात वर केला. “मॅडम, हे तर मी फॅक्समध्ये करून राह्यलो.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. भुजंगला मात्र त्या दिवशी खरोखर आनंद झाला होता. डबा खाताना तो मला सांगत होता, की एवढी वर्षं आपण करतोय ते चुकीचं आहे असं वाटायचं, आणि आता त्याचं शास्त्र निघालं. सगळ्या फॅक्सच्या नोंदी निराकारमध्ये अलगद बसतील, म्हणाला. मी त्याला लोणचं वाढलं.

तिसऱ्या दिवशी माहितीची साफसफाई शिकवली. सल्लागार कंपनीने मंजूर केलेल्या आराखड्यानुसार कालबाह्य रकाने नव्या प्रणालीत न्यायचे नव्हते. यादीत पहिलंच नाव फॅक्सचं होतं. भुजंगने हरकत घेतली. पण लेखी सूचना करण्याचा अधिकार गट अ आणि गट ब यांनाच होता, आणि तोंडी सूचना प्रणालीत भरायला रकाना नव्हता.

परीक्षेत सदतिसावा प्रश्न दोन गुणांचा होता: ‘फॅक्स हा रकाना नव्या प्रणालीत ठेवावा की वगळावा?’ मॅडमनी वर्गात त्याचं उत्तर तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा भुजंगकडे बघून. परीक्षेच्या आधी जिन्यात गाठून चौथ्यांदा सांगितलं.

“सर, हात जोडते. ‘वगळावा’ लिहा. एवढं एकदाच.”

शुक्रवारी दुपारी साडेचारला निकाल लागला. भुजंगला अडुसष्ट गुण पडले. सदतिसाव्या प्रश्नाला त्याने ‘ठेवावा’ असं लिहिलं होतं. त्याचा करार पाच वाजता संपत होता. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी त्याला रागावलो. म्हटलं, अरे, एक शब्द लिहायला तुझं काय जात होतं?

“एकेचाळीस हजार माणसांचं लिहिलेलं हाये त्यात,” तो म्हणाला. “काढून टाका म्हणून माझ्याच हातानं कसं लिहू?”

मग तो ड्रॉवरकडे बघत राहिला. दाखला आतच होता, पेनही होतं, आणि पाचला अजून वीस मिनिटं होती. मी घड्याळाकडे बघून म्हणालो, सोमवारी बघू. सोमवारी त्याला आत यायची परवानगी नसणार, हे मला माहीत होतं. मला वाईट वाटलं, हे मी मान्य करतो. त्यासाठी सहीची गरज लागत नाही.

निराकार शनिवारी सुरू झाली. कांताबाईंच्या घरी सतरा फोन गेले, नवरा सतराही वेळा हो म्हणाला, आणि बाईंना रोपं आल्याचं कळलंच नाही. द्वारकाबाईंपुढे कोणीतरी शाईचा पॅड सरकवला. त्यांनी तो आमच्या क्षेत्र सहायकाच्या शर्टावर पालथा केला. कडूबाला मिरचीचा प्लॉट देण्यात आला. भावाने तत्परतेने शेजारी दुसरी मिरची लावली आणि तपासणीत कडूबाचं अख्ख्या हंगामाचं बियाणं नापास झालं. संघाने याची गंभीर दखल घेऊन डेटाबेस चालकाची जाहिरात काढली: निराकारचा सलग पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. (निराकार बाजारात येऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.) अर्ज आले नाहीत, म्हणून तो कार्यभार माझ्याकडे दिला. मी कायम असल्याने मला अनुभवाची अट नाही.

भुजंग सध्या टपरीशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. आमच्या दृष्टीने त्याचा तांत्रिक खंड चालू आहे, फक्त या खेपेला त्याला पाच महिने झाले. रोज मी खाली जातो आणि कोणाला कधी फोन करावा ते विचारतो. तो तोंडपाठ सांगतो, चहाही पाजतो. गेल्या आठवड्यात मी उठताना म्हणाला, जुन्या प्रणालीची मशीन अजून गोदामात चालू असंल, तर कर्मचाऱ्यांच्या यादीत तुमचा फॅक्स एकदा वाचा.

मशीन चालू होती. (ती भंगारात काढायला समिती लागते.) मी माझी नोंद उघडली.

‘अप्पाराव. फॅक्स: माणूस चांगला. डब्यातलं अर्धं देतो. सही मागू नये, देणार न्हाई. वाईट वाटून घेऊ नये.’

खाली तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि तरी तो दाखला घेऊन आला होता.

मग एकट्यानेच का वाचावं, म्हणून मी दुसरी एक यादी उघडली. जिल्ह्यात ज्यांच्या घरी आमच्या संघाचं कॅलेंडर जातं, त्या सगळ्यांची नोंद तिच्यात आहे. तुमचंही नाव सापडलं. पुढे लिहिलंय:

‘फॅक्स: कुणावर काय गुदरलं ते सांगितलं तर शेवटपर्यंत ऐकतात. मधी मधी हसतात बी. सही मागू नये.’