आत्याची रजा

"तुझ्या अर्जावर मला सही करता येणार नाही," ऋजुता म्हणाली. सहा दिवसांची भाची तिच्या मांडीवर झोपली होती आणि भाचीच्या मुठीत ऋजुताचं बोट होतं. "मी हिची आत्या आहे."

कल्पिता बाळंतपणासाठी मोहन्याला माहेरी आली होती. तिच्या उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि डब्याखाली तिच्या अर्जाची प्रत.

कल्पिता गेली सहा वर्षं कोलशेतच्या खाडीतल्या चिखलात उतरून चिंबोऱ्या मोजत होती. पीएचडीच्या नोंदणीची मुदत मंगळवारी, तीस जूनला, संपत होती. संशोधन करणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी दोनशे चाळीस दिवसांची रजा मिळते आणि मुदतही तेवढीच पुढे सरकते. मंगळवारपर्यंत रजा मंजूर झाली, तर शेवटची दोन प्रकरणं लिहायला आठ महिने मिळणार होते. नाही झाली, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षांच्या वह्या माळ्यावर. अर्ज मे महिन्यात दिलेला होता. मार्गदर्शक, विभागप्रमुख अशा सह्या घेत तो विद्यापीठाच्या पीएचडी कक्षात पोचला, तेव्हा बाळ पाच दिवसांचं झालं होतं. कक्षाची अधिकारी ऋजुता. कल्पिताच्या नवऱ्याची, सिद्धेशची, थोरली बहीण.

चार वर्षांपूर्वी त्याच कक्षातल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मेहुण्याची फाइल एका दिवसात मंजूर केली होती. त्यानंतर एक परिपत्रक निघालं. त्यातलं सहावं कलम असं की, नातेवाइकाच्या प्रकरणात अधिकाऱ्याने निर्णय घेऊ नये, तो प्रभारी अधिकाऱ्याने घ्यावा. प्रभारी म्हणजे वरिष्ठ लिपिक बाबुराव. आणि एरवी प्रभार बाबुरावांकडे जायचा तो ऋजुता रजेवर असेल तेव्हा. ऋजुताने अकरा वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. परिपत्रक तिनेच लिहिलं होतं.

"मग एक दिवस सुट्टी टाक ना, ताई," सिद्धेश म्हणाला. "सिंपल आहे."

"कारण काय लिहू?"

"डोकं दुखतंय लिही."

"दुखत नाहीये."

सिद्धेशने आईकडे पाहिलं. विमलाबाई बाळकुमहून सुनेसाठी अळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मुलाला स्वयंपाकघरात बोलावलं. परत आल्या तेव्हा बारशाचा दिवस ठरलेला होता. आत्याशिवाय बारसं होत नाही, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बाळाचा बारावा दिवस रविवारी येत होता. ऋजुताने ते लगेच मोजलं आणि रविवार सगळ्यांनाच सोयीचा आहे असं म्हणाली. विमलाबाई म्हणाल्या, रविवारी सोसायटीचं सभागृह मिळत नाही. (ते मोकळं होतं. हे वॉचमनने ऋजुताला सांगितलं, पण मंगळवारी.) मुहूर्त मंगळवारी अकरा पन्नासचा निघाला. तो कसा निघाला, ते गुरुजी आणि सिद्धेश यांनाच ठाऊक. संध्याकाळी साडेसहाला ठेवता येईल का, असं ऋजुताने विचारलं. गुरुजी फोनवर म्हणाले, संध्याकाळ चालणार नाही. मग अर्ध्या दिवसाची रजा पुरेल, असं कल्पिताची आई म्हणाली.

"अर्ध्या रजेत प्रभार जात नाही," ऋजुता बाळाकडे बघत म्हणाली. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती कोणाच्या बाजूची आहे, ते त्या एका वाक्यावरून सगळ्यांना कळलं आणि पुन्हा त्याबद्दल कोणी बोललं नाही.

सोमवारी तिने रजेचा अर्ज लिहिला. सिद्धेशने फोन करून 'वैयक्तिक' एवढंच लिही असं बजावलं होतं. तिने 'भाचीचे बारसे' असं लिहिलं, कारण कारण तेच होतं. उपकुलसचिव दिवसभर बैठकीत होते. साडेसहापर्यंत ती त्यांच्या दाराशी बसून राहिली. शेवटी त्यांच्या स्टेनोने अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुमची रजा कोण अडवणारे?" कोणाच्या तोंडी शब्दावर विसंबून ऋजुता कार्यालयाबाहेर पडली, ती नोकरीत पहिल्यांदाच. जाताना तिने बाबुरावांच्या टेबलावर प्रभाराची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत एक ओळ होती. 'उद्याच निकाली काढावयाची प्रकरणे: एक.'

मंगळवारी सव्वाअकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, घुगऱ्या तयार होत्या, ऋजुताने जरीची साडी नेसली होती. तेवढ्यात सभागृहाच्या दारात बाबुराव उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात झबल्या-टोपड्याचा खोका, खांद्याला ऑफिसची बॅग.

ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही इथे," ती म्हणाली, "मग माझ्या खुर्चीवर कोण आहे?"

"कोनी नाय, मॅडम."

"कोणी बोलावलं तुम्हाला?"

बाबुरावांनी विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाईंनी त्यांना तीनदा फोन केला होता. दोनदा आमंत्रणाचा आणि तिसऱ्यांदा, आला नाहीत तर आम्हाला वाईट वाटेल, हे सांगायला. "जो माणूस आपलं एवढं काम करणार," विमलाबाई लेकीला म्हणाल्या, "त्याला जेवायला बोलवायचं नाही? लोक काय म्हणतील?"

कल्पिता पाळण्याजवळच्या पाटावर बसली होती. तिने घड्याळ पाहिलं. कार्यालय साडेपाचला बंद होत होतं. सिद्धेश गाडी काढतो म्हणाला. कल्पिताचे वडील म्हणाले, आधी पाहुण्यांना सरबत द्या. या सगळ्यात बाबुरावांनी खोका खाली ठेवला, बॅग उघडली आणि त्यातून कल्पिताची फाइल काढली.

"पान तीनवर उमेदवाराची सही ऱ्हायलेली," ते म्हणाले. "म्हटलं, येतोच आहे तर घेऊन येऊ."

"फाइल कार्यालयाबाहेर नेता येत नाही, बाबुराव."

"प्रभारी अधिकाऱ्याच्या परवानगीनं नेता येते. कलम अकरा. मीच परवानगी दिली. रजिस्टरला एंट्री मारलीय."

"आणि कामाच्या वेळेत तुम्ही बारशाला आला आहात."

"बारशाला नाय, मॅडम. कलम चौदा. शंका असेल तर प्रत्यक्ष पडताळणी." बाबुराव शांतपणे पाळण्यापाशी गेले, चष्मा लावला आणि वाकून आत पाहिलं. बाळाने जांभई दिली. त्यांनी फाइलवर लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने वाचलं, "अपत्य समक्ष पाहिले. स्त्री. प्रकृती ठीक. शंकेचे निरसन झाले."

अकरा आणि चौदा ही दोन्ही कलमं ऋजुताचीच होती. कल्पिताने पान तीनवर सही केली. आता राहिली होती ती बाबुरावांची सही. पेन उघडून त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि पेन पुन्हा बंद केलं. मॅडमसमोर त्यांनी आजवर कधी स्वतःच्या जबाबदारीवर सही केली नव्हती.

त्यांची अडचण मुहूर्ताने सोडवली. अकरा पन्नास झाले. ऋजुता पाळण्यात वाकली आणि भाचीच्या कानात नाव सांगू लागली. नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे, अशी रीत आहे. विमलाबाईंनी घातला, कल्पिताच्या आईने घातला, शेजारणींनी घातले. पाचवा कल्पिताचा होता. त्यात गेल्या आठवड्याचा सगळा हिशेब होता, असं नंतर सिद्धेशने सांगितलं. ऋजुताचं तोंड पाळण्यात आणि पाठ सभागृहाकडे असताना बाबुरावांनी सही केली. बाळाचं नाव माया ठेवलं.

शिक्का मात्र ठाण्याला, कार्यालयात, राहिला होता आणि शिक्क्याशिवाय आदेश म्हणजे नुसता कागद. बाबुराव निघाले. विमलाबाईंनी त्यांना दाराशी अडवलं. बारशाच्या घरातून कोणी उपाशी जात नसतं. ते एक पुरी खाऊन निघतो म्हणाले. त्यांना सात पुऱ्या, श्रीखंड आणि आग्रहाची जिलेबी वाढण्यात आली. पावणेतीनला सिद्धेशने त्यांना गाडीत बसवलं. शहाडच्या पुलावर गाड्या तासभर हलल्या नाहीत. श्रीखंडामुळे बाबुराव शांत झोपले होते. सिद्धेश जागा होता. पाच बावीसला कल्पिताच्या फोनवर एक फोटो आला. आदेश, सही, शिक्का, आणि कागदाच्या कडेला जिलेबीच्या पाकाचं उमटलेलं एक बोट.

बुधवारी सकाळी ऋजुताच्या टेबलावर दोन कागद होते. एक कल्पिताचा आदेश. दुसरा तिचा स्वतःचा रजेचा अर्ज, परत आलेला. उपकुलसचिवांनी त्यावर शेरा मारला होता: 'बारशास आत्याची उपस्थिती आवश्यक असल्याचा पुरावा जोडून फेरसादर करावा.' असे शेरे मारायचा नमुना कक्षानेच सगळ्या विभागांना पाठवला होता. नमुन्याखाली ऋजुताची सही होती.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. रजा मंजूर नाही, म्हणजे मंगळवारी ती रजेवर नव्हती. ती रजेवर नव्हती, तर बाबुराव प्रभारी नव्हते. ते प्रभारी नव्हते, तर आदेशावरची सही कोणाचीच नव्हती, आणि नोंदणीची मुदत काल संपली होती.

बाबुराव समोर उभे होते. "मागच्या तारखेनं मंजूर करून घेऊ, मॅडम. बारशाचे फोटो हायेत. धपाट्यांचा व्हिडिओपण हाय. सायेब नाय म्हननार नाय."

"अकरा वर्षांत मी कोणाची रजा मागच्या तारखेने पुढे पाठवली?"

"कोनाचीच नाय. माझ्या लेकीच्या साखरपुड्याचीपण नाय," बाबुराव म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, फक्त माहिती होती.

ऋजुताने परिपत्रक काढलं, नवव्या कलमावर बोट ठेवलं आणि ते दोनदा वाचलं. अधिकारी विनापरवाना गैरहजर असल्यास प्रभार त्या दिवसापुरता आपोआप वरिष्ठ लिपिकाकडे जातो. मग तिने हजेरीपट ओढला. तिच्या नावापुढे अकरा वर्षांच्या निळ्या सह्या होत्या, मंगळवारचा चौकोन तेवढा रिकामा होता. ड्रॉवरमधलं लाल पेन तिने आजवर फक्त इतरांसाठी वापरलं होतं.

"मॅडम, हे सर्व्हिस बुकात जाईल," बाबुराव म्हणाले.

"जाऊ दे. प्रभार तुमच्याकडे होता, एवढं त्यातून सिद्ध होतं."

चौकोनात तिने लाल अक्षरात 'गैरहजर' लिहिलं, शाई वाळू दिली, आदेशावर जावक क्रमांक टाकला आणि मोहन्याच्या पत्त्यावर पाठवायला दिला. पाकाचा डाग तिने तसाच जाऊ दिला.

संध्याकाळी कल्पिताचा फोन आला. तिने विचारलं, "अकरा वर्षांनी रजा घेतलीत, ताई. कशी गेली?"

"रजा नव्हती ती," ऋजुता म्हणाली. "पाठ मात्र खरंच दुखतेय."