डॉक्टरांच्या मोटारीचा घसारा

"जुना बैल घेतला का त्याची सवय बी आपल्याच दावनीले बांधा लागते, सूनबाई," असं तानुबाईंनी सांगितलं, तेव्हा कोकिळा हसली होती.

"आत्याबाई, सवय बैलाला असते. मोटारीला इंजीन असतं."

मोताळ्याच्या त्या घरात तेव्हा आठ दिवस एकच विषय चालला होता: मोटार नवी घ्यावी की जुनी. मोटार घ्यावी हे मात्र कधीच ठरलं होतं. नलू तीन महिन्यांची असताना तिला ताप भरला होता, एस.टी. वाटेत बंद पडली होती आणि खामगावच्या दवाखान्यात पोचायला बैलगाडीने दुपार झाली होती. त्या गाडीत बसल्या बसल्याच कोकिळेने मनाशी ठरवलं, की दारात मोटार उभी असल्याशिवाय आपल्याला आता झोप लागायची नाही. आणि कोकिळा अमरावतीहून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली असल्यामुळे तिने नुसतं ठरवलं नाही, एक कागद घेऊन त्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला जुनी.

तिचे यजमान उत्तमराव नवीच्या बाजूचे होते. "घ्याची तं कोरी करकरीत घेऊ. पेढे वाटता आले पाह्यजेत."

"नवीला बारा हजार रुपये आणि सहा वर्षं," कोकिळा म्हणाली. "आज नंबर लावला तर सहा वर्षांनी येईल. तोवर नलू शाळेत पायी जायला लागेल. खामगावचे शेषराव डॉक्टर त्यांची अमेरिकन मोटार सहा हजारात काढताहेत. चामड्याच्या गाद्या, आत ऐसपैस जागा."

"पेट्रोल किती पेते ते लिवलं का?"

"लिहिलंय. खूप पिते. पण नवीचा घसारा आपल्याला सोसावा लागेल. हिचा डॉक्टरांनी सोसून टाकलाय."

"घसारा म्हंजे?" तानुबाईंनी विचारलं.

"वस्तू वापरात आली की वर्षावर्षाला तिची किंमत उतरते, आत्याबाई. त्याला घसारा म्हणतात."

"अस्सं," तानुबाई लेकाकडे पाहत म्हणाल्या. "म्हंजे घरातल्या म्हाताऱ्या मानसासारखंच."

उत्तमरावांना एकदम विहिरीवरच्या इंजिनाची आठवण झाली आणि ते शेतात निघून गेले. अशा रीतीने जुनीची बाजू बहुमताने मंजूर झाली.

व्यवहार फार झटकन झाला. डॉक्टरांनी सहा हजाराचे साडेपाच करायला जरासुद्धा वेळ लावला नाही. कोकिळेला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण डॉक्टर म्हणाले, "वय झालं, आता गावोगाव फिरणं बंद. दवाखान्यात बसेन तेवढंच." साठीच्या माणसाला असं वाटणं साहजिक होतं. मोटारीबरोबर मोतीराम ड्रायव्हरही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मोटार फाटकातून निघाली तेव्हा ती तोच चालवत होता, आणि मोताळ्याला पोचल्यावर तो खाली उतरून चहाची वाट पाहत उभा राहिला. वीस वर्षं त्या चाकामागे बसलेल्या माणसाला 'तू कोण' म्हणून विचारायचं कसं? तो राहिला.

पंधरा-वीस दिवस मोटार गावातल्या गावात फिरली. मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी नलूचं अंग तापलं. ती सारखी रडत होती आणि उजव्या कानाकडे हात नेत होती.

"दात येऊन राह्यले," तानुबाई म्हणाल्या.

"दात कानात येत नाहीत, आत्याबाई," असं म्हणून कोकिळेने थर्मामीटर, दुपटी, ग्राईप वॉटरची बाटली असं सगळं एका काळ्या पिशवीत भरलं. उत्तमराव शेतात होते. त्यांना निरोप ठेवून सासू, सून आणि नात मोटारीत बसल्या. मोटार तेल लावल्यासारखी निघाली. आपण आखलेली ती रेघ किती बरोबर होती, असं कोकिळेच्या मनात आलं.

चार मैलांवर एका कडुनिंबाखाली मोटार थांबली.

"काय झालं? काऊन थांबवली?" तानुबाईंनी विचारलं.

मोतीराम स्वतःच्या पायाकडे पाहत होता. "मी नाई थांबवली, माय. पायानं थांबवली. वीस वर्सं दर बाजाराच्या दिशी डाक्टरसाहेबाची फेरी राह्ये. याच निंबाखाली हा पाय दबते. मालक बदलले हे मले समजलं, पन त्याले कोन सांगन?"

तोवर निंबाखाली बसलेली माणसं उठून मोटारीला भिडलीही होती. सगळ्यांत पुढे उकंडराव नावाचे एक म्हातारे होते. त्यांचा एक गाल फुगून कवठाएवढा झाला होता आणि त्यावरून डोक्यापर्यंत उपरणं बांधलेलं होतं.

"दोन बाजार झाले, डाक्टर आले नाईत. कुठी हायेत?"

"डॉक्टर यात नाहीत, बाबा," कोकिळा म्हणाली. "ही मोटार आता आम्ही घेतली."

"दवाखान्यासकट?"

कोकिळा उत्तर देणार होती, पण नेमकी तेव्हाच थर्मामीटर काढायची वेळ झाली. तिने ते नलूच्या काखेतून काढलं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक करून वाचलं आणि झटकलं. निंबाखालच्या सगळ्या माना एकदम पुढे आल्या.

"डाक्टरीण हाय बे," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"नाही हो! मी डॉक्टर नाही. मी बी.ए. आहे."

उकंडरावांनी विचार केला. "बी.ए. म्हंजे डाक्टरच्या वरचं का खालचं?"

"वरचं," तानुबाई ताठ बसून म्हणाल्या. "पंधरा वर्सं शिकली ते."

आता हे निस्तरण्यापेक्षा उकंडरावांना खामगावच्या दवाखान्यात पोचवणं सोपं होतं. ते पुढच्या गादीवर बसले. त्यांच्या सुनेने डिकी उघडून पाय बांधलेली एक कोंबडी आत ठेवली आणि डिकी लावली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. डॉक्टरांची फी लोक वीस वर्षं तिथेच ठेवत आले होते.

दुसरा थांबा विहिरीजवळचा. तिथे जनकाबाई महिन्याचा खोकला आणि टोपलीभर वांगी घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या थांब्यावर पायात बोरीचा काटा मोडलेला एक गडी, मानेवर गळू आलेला त्याचा भाऊ आणि 'कायी दुखत नाई, पन दाखवून ठेवतो' म्हणणारे एक काका. चौथ्या थांब्यावर किती चढले ते कोकिळेने मोजलं नाही. नवी मोटार असती तर चौघांत भरली असती आणि हात जोडून पुढे जाता आलं असतं. पण ही मोटार इतकी मोठी होती, की जागा नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

"मोतीराम," कोकिळा म्हणाली, "नलूचा ताप एकशे दोन झालाय. आता मोटार मध्ये थांबता कामा नये."

"माह्या पायाची ग्यारंटी नाई, बाई."

पण पुढच्या थांब्यावर पायाची वेळच आली नाही. उकंडराव खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि एस.टी.च्या कंडक्टरसारखे ओरडले, "भरली! भरली! डाक्टर नाई! पुढच्या बाजारी या!" आधी आत आलेल्या माणसाइतका कडक पहारेकरी दुसरा नसतो. मोटार सुसाट निघाली, आणि खामगाव चारेक मैलांवर आलं तेव्हा कापसाच्या गाड्यांमागे जाऊन उभी राहिली.

जिनिंगचे दिवस होते. शंभर गाड्या तरी असतील. एक गाडी चाक निखळून आडवी झाली होती आणि रस्ता दोन्हीकडून तुंबला होता. बैल रवंथ करत होते, गाडीवान तंबाखू मळत होते. कोणालाच घाई नव्हती.

आणि नलूचं रडणं थांबलं. इतका वेळ कोकिळा तिने रडू नये म्हणून धडपडत होती. आता ती खांद्यावर मान टाकून गप्प पडली, तेव्हा कोकिळेने तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. "मी पायी जाते," ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

एवढ्यात समोरून, गाड्यांच्या गर्दीतून, एका मोटारीचा हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. परत दोन आखूड, एक लांब.

मोतीराम बसल्या जागी ताठ झाला. "हे तं आपलं हारन हाय!"

"आपला हॉर्न आपल्या मोटारीत आहे, मोतीराम."

"हारन मोटारीत राह्यते, बाई. वाजवनं मानसाच्या हातात राह्यते. डाक्टरसाहेब बाजूले बसून सोताच वाजवत."

दोन गाड्यांच्या मध्ये एक छोटी, कोरी करकरीत राखी मोटार खामगावकडून येऊन अडकली होती. तिच्या काचांना आतून पडदे ओढलेले होते. कोकिळेने काचेवर टकटक केलं. पडदा दोन बोटं सरकला. आत मफलर होता आणि मफलरच्या वर दोन डोळे.

"शेषराव डॉक्टर?"

"नाही," मफलर म्हणाला.

"मी कोकिळा. मोताळ्याच्या उत्तमरावांची. तुमची मोटार आम्ही..."

"मोटार परत घेणार नाही!"

"मोटार नाही हो, मुलगी दाखवायची आहे. दहा महिन्यांची आहे आणि आता रडतसुद्धा नाही."

दार लगेच उघडलं. मफलर खाली आला. सीटखालून एक जुनी बॅग निघाली, त्यातून टॉर्च निघाला, आणि डॉक्टरांनी तिथेच मांडीवर घेऊन नलूचा घसा पाहिला, मग कान पाहिला. कानाला हात लागताच नलूने असं काही भोकाड पसरलं, की बाजूचा बैल बिचकला.

"आवाज छान आहे," डॉक्टर म्हणाले. "दमून पडली होती, एवढंच. कान आतून लाल झालाय. आज आणलंत ते बरं केलंत. दात दात करत बसला असतात तर वाढलं असतं. हे औषध पाच दिवस द्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही."

कोकिळेने औषध पिशवीत टाकलं. ती मोटारीच्या दाराला टेकली. थोड्या वेळाने श्वास जागेवर आला, तसं अर्थशास्त्रही आलं.

"डॉक्टर, एक विचारू? तुमच्या मोटारीत खोट नव्हती. मग ती साडेपाच हजारात देऊन बारा हजाराची ही डबी कशाला घेतलीत?"

"ही स्वस्त पडली, बाई." डॉक्टरांनी बॅग बंद केली. "नंबर लावून सहा वर्षं थांबलो होतो. त्या मोटारीत बसून निघालो की प्रत्येक झाडाखाली माणूस. वीस वर्षांत एका लग्नात अक्षता वेळेवर टाकल्या नाहीत, स्वतःच्या मुलीच्यासुद्धा. तिचा रंग उतरला, गाद्या उतरल्या, किंमत उतरली. नाव उतरलं नाही. नावाला घसारा नसतो. या मोटारीला कोणी ओळखत नाही, त्याचे मी पैसे मोजले. आज दवाखान्याला कुलूप लावलंय. मित्राच्या मळ्यात भरताची वांगी भाजायला पडलीत आणि मला ते भरीत गरम खायचंय. मी इथे भेटलो हे कृपा करून कोणाला सांगू नका."

दवाखान्याला कुलूप! कोकिळेने मागे वळून पाहिलं. आपल्या मोटारीच्या खिडकीत उकंडरावांचा गाल दिसत होता. मागच्या गादीवर जनकाबाई तोंडाला पदर लावून खोकत होत्या. काट्याचा गडी पाय उचलून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून बसला होता. इतकी सगळी माणसं दोन बाजार वाट पाहून एका कुलपाकडे निघाली होती. आणि आपल्या पिशवीत औषधाची बाटली होती.

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. शब्द दिला म्हणजे दिला.

ती मोटारीपाशी आली, नलूला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या राखी मोटारीत शेषराव डॉक्टर आहेत. पण कोणाला सांगायचं नाही बरं का."

"मी काऊन सांगू, बाप्पा? माह्या पोटातली गोष्ट पोटातच राह्यते," तानुबाई म्हणाल्या, आणि पुढच्या गादीकडे झुकल्या. "उकंडराव, तुमाले म्हनून सांगतो..."

मोटारीची चारही दारं एकदम उघडली. काट्याचा गडी एका पायावर, पण सगळ्यांच्या आधी पोचला. माणसं धावताना पाहून गाडीवानही कापसावरून उतरले. त्यांचीही काहीबाही दुखणी होती. डॉक्टरांनी पडद्यातून कोकिळेकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते सांगण्यासारखं नाही. मग त्यांनी मफलर काढून त्याची घडी घातली, बाहेर येऊन बॉनेटवर बॅग ठेवली आणि म्हणाले, "रांग करा. उकंडराव, तोंड उघडा."

आडवी झालेली गाडी तासाभरात सरळ झाली आणि रस्ता मोकळा झाला. राखी मोटार ऊन कलेपर्यंत तिथून हलली नाही.

नलूचा कान पाचव्या दिवशी बरा झाला. मोठी मोटार हल्ली मोताळ्याहून खामगावला कुठेही न थांबता जाते. निंबाखालची माणसं तिच्याकडे मान वर करूनही पाहत नाहीत, तेव्हा मोतीरामचा पायही आता तिथे दबत नाही. त्यांचं लक्ष असतं ते राखी रंगाकडे. सगळं असं मनासारखं झालं, तरी कोकिळेला एक गोष्ट राहून राहून टोचते.

म्हणून त्या रस्त्याने जाणार असाल तर तिचं एक काम करा. कडेला छोटी राखी मोटार आणि तिच्याभोवती माणसं दिसली, तर काही दुखत नसलं तरी उतरा. गर्दीतून वाट काढून पुढे जा आणि डॉक्टर जेवले का, तेवढं विचारून या. कोकिळेने स्वतःच विचारलं असतं. पण तिला लांबून पाहिलं, की ते पडदा ओढून घेतात.