रेनकोटातली झोप

थंडी म्हणजे काय, हे याकूबला शिकवेल असा माणूस मालवणात अजून जन्मला नव्हता! निदान याकूबचं तरी तसं ठाम मत होतं. मासळीच्या धंद्यात उभा जन्म गेलेला, हात सदा बर्फात. "थंडी माज्याकडे कामाक आसा," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. हाच याकूब डिसेंबर लागला की पहाटे पंखा बंद करायला लावतो, हे त्याची बायको जोहरा लोकांत बोलत नसे, एवढंच.

अशा या याकूबच्या लेकीने, सायमाने, एके रात्री जेवताना विषय काढला. कॉलेजातून तिची हिमाचलच्या शिबिरासाठी निवड झाली होती. जानेवारीत, बर्फात, तंबू ठोकून राहायचं!

"नाय," याकूब म्हणाला.

"अब्बा, आयकून तरी घेवा. उद्या सांजेपर्यंत कळवूचा आसा."

"आयकलंय. नाय. थंडीन गोठान जाशीत."

"नाय गोठना कोण! थंय झोपायच्या पिशवेत रेनकोट घालून झोपतत."

याकूबचा घास हातातच राहिला. "रेनकोट? बर्फात पाऊस खंय पडता?"

"भायरचा पाणी अडवूक नाय, आतली वाफ अडवूक! आंगाचो घाम पिशवेत जाना नाय, पिशवी सुकी रवता, म्हणान ऊब टिकता."

आता तुम्हीच सांगा, मालवणात रेनकोट म्हणजे काय? जूनमध्ये काढायचा, गणपती गेले की डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर टाकायचा. तो घालून झोपायचं, हे तर दारू प्यायलेल्यालाही सुचलं नसतं! याकूबने पुन्हा मान हलवली.

सायमा रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. मुकाट्याने उठली आणि स्वतःचं ताट घासून ठेवलं. ते घासलेलं ताट याकूबला अंथरुणातही दिसत राहिलं. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीने जावं असं त्यालाही मनातून वाटत होतं हो, पण भीती सोडत नव्हती.

शेवटी धंद्याचीच बुद्धी कामाला आली. माशाचा कल्ला उघडून, ताजा आहे का ते बघितल्याशिवाय याकूब सुरमई घेत नसे. मग पोटच्या पोरीला न बघता-तपासता बर्फात कशी पाठवणार? सकाळी त्याने सायमाने कॉलेजातून आणलेली झोपायची पिशवी गुपचूप काखोटीला मारली, माळ्यावरचा जाड पिवळा रेनकोट घेतला आणि बंदरावरचं मासळीचं कोल्ड स्टोरेज गाठलं. तिथला मुकादम बाबली हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"बाबली, माका कोल्डात झोपूचा आसा."

"घरात भांडान झाला?"

"नाय रे! सायमासाठी, माज्या चेडवासाठी बघतंय. माका थंड लागली तर चेडू जावचा नाय. लागली नाय तर जातला."

"आणि तू मेलंस तर?"

"तर जावचा नाय!"

बाबलीने कपाळावर हात मारला, पण मित्रासाठी दार उघडलं. ते आतूनही उघडतं, हे दोनदा दाखवलं. "थोड्या वेळान हाक मारतंय," म्हणाला.

याकूबचं काम कधी अर्धवट नसतं. बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जोहराची शाल, आणि या सगळ्यावर रेनकोट! टोपीची नाडी नाकापर्यंत आवळून तो पिशवीत शिरला आणि सुरमईच्या क्रेटांमध्ये आडवा होऊन थंडीची वाट बघू लागला. थंडी येईना! उलट आत अशी ऊब साठली, की चुलीवरच्या भाताच्या टोपात शिरल्यासारखं वाटावं. "जमता! चेडू जातला!" याकूब स्वतःशीच म्हणाला. मनावरचा धोंडा उतरला आणि रात्रभर जागलेला हा गृहस्थ चक्क घोरायला लागला.

नेमका तेव्हाच बाहेर ट्रक आला आणि माल चढवण्याच्या गडबडीत बाबली मित्राला साफ विसरला. आठवण झाली तेव्हा धावतच आत गेला. बघतो तर काय, याकूब सरळसोट पडलेला, पिशवीवर हिम धरलेलं, पापण्या पांढऱ्या! घोरणं मशीनच्या आवाजात कुठचं ऐकू येणार?

"याकूब! रे याकूब!"

उत्तर नाही. दुसऱ्या कुणीही हलवून बघितलं असतं. पण बाबली पडला भित्रा. तो तसाच बाहेर पळाला आणि त्याने जोहराला फोन लावला. "भाभी... याकूब कोल्डात पडलोसा... उठना नाय!"

झालं! मासळीचा लिलाव थांबला आणि बातमी गावभर पसरत गेली. बंदरावर याकूब आजारी होता, बाजारात पोचेपर्यंत तो लेकीशी भांडून बर्फात जाऊन बसला होता आणि एसटी स्टँडवर तर त्याची होडीच बुडाली! कुणी डॉक्टरला आणायला धावलं. एका मासेवालीने घरून गरम कुळथाची पिठी टोपासकट आणली.

रिक्षातून जोहरा अनवाणीच उतरली. सायमा तिच्याही पुढे. क्रेट ओलांडून ती बापापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिला हुंदका आवरेना.

"अब्बा, उठा! मी जावचंय नाय! खंयच जावचंय नाय!"

रडत रडत तिने टोपीत हात घातला. हाताला गाल लागला तो गरम! नुसता गरम नव्हे, घामाने निथळणारा! तिने सर्रकन चेन ओढली. आतून वाफेचा ढग उठला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सगळीकडे पसरला.

याकूबने एक डोळा उघडला. "बंद कर गो तां... थंड लागता."

अख्खं बंदर हसलं! जोहरा तेवढी सुरमईच्या क्रेटवर बसून रडत होती आणि नवऱ्याच्या रेनकोटावर बुक्क्या मारत होती. "सांगाक काय झालेला? सांगाक काय झालेला तुमका?"

सायमाने ओढणीने बापाचं तोंड पुसलं. "अब्बा, आत एकच पातळ कपडो घालतत. घाम येवक लागलो की उघडतत. तुम्ही आख्खा कपाट घातलात!"

याकूब उठून बसला. लेकीच्या लाल डोळ्यांकडे बघताना त्याचा आवाज एकदम उतरला. "जावचंय नाय म्हणालंस, तां झोपेत आयकलंय मी. थंड तेवाच लागली बघ माका. तू जा गो बाय. खुशाल जा."

सायमाने त्याला त्या ओल्या रेनकोटासकट मिठी मारली. मग घामाने चिंब झालेला याकूब बाहेर समुद्राच्या वाऱ्यात आला आणि त्याने पहिली शिंक दिली.

सायमा हिमाचलला गेली. पोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. मागे पांढराशुभ्र डोंगर, गाल लाल, तोंडभर हसू. इकडे याकूब नाक लाल करून दोन रजयांत बसलेला.

"अब्बा, थंय थंडी कशी आसा?" तिने काळजीने विचारलं. "कान बांधा हां! आणि भायर पडू नकात!"

"नाय गो," याकूब म्हणाला, आणि मालवणच्या भर उन्हात त्याने मुकाट्याने खिडकी लावून घेतली.