बोर्गहिल्डच्या पायरीपर्यंत आलेली चाकोरी

"चाकोरी पाडायला अशी काय मोठी अक्कल लागते?" बोर्गहिल्डने भर सभेत विचारलं. "बाबांच्या स्कूटरवर मागे बसून वाढलेय मी!"

मागे बसून वाढलेल्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

तिचे वडील अनफिन पानगळीत गेले. गावाची स्कीवाट हयातभर त्यांनीच राखली. बर्फावरच्या स्कूटरमागे लोखंडी घसरगाडी जोडायची, तिच्या पोटाखालचे दोन फाळ खाली सोडायचे आणि चर्चपासून डोंगरातल्या तळ्यापर्यंत दोन सरळ खाचा पाडत जायचं. त्या चाकोरीत स्की घातल्या की माणूस डोळे मिटूनसुद्धा तळ्यावर पोचतो! स्कूटरची किल्ली लाल लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली होती. वडिलांच्या घरातलं बाकी काही गेलं तरी बोर्गहिल्डला चाललं असतं. ती किल्ली मात्र हवी होती.

"ठीक आहे, पोरी," स्कीमंडळाचे अध्यक्ष तोरलाइव म्हणाले. "रविवारी सगळं गाव तळ्यावर निघणार. वाट नीट झाली तर किल्ली तुझी. नाही झाली तर काम पलीकडच्या गावाला देऊ. त्यांच्याकडे भलंमोठं यंत्र आहे."

"बघाच तुम्ही!"

शनिवारी सकाळी भुरभुर बर्फ पडला आणि ती खूश झाली. दुपारी पाऊस लागला आणि बर्फाची लापशी झाली. अशा हवेत बाबा खिडकीशी नुसते बसून राहायचे. तिला वाटायचं, ते आळस करतात! ती तशीच निघाली. धुकं असं की स्वतःच्या स्कूटरचं नाक दिसेना. घराच्या वरच्या वळणावर तिचे मोजे चिंब झाले. खाली घर, घरात कोरडे मोजे! ती शेताच्या उतारावरून फाटकातून थेट पायरीपाशी आली, मोजे बदलले, उभ्याउभ्या कॉफी प्याली, अंगणात वळसा घेऊन पुन्हा वर गेली आणि तळ्यापर्यंत काम फत्ते करून आली. संध्याकाळी आभाळ निवळलं, कडक गारठा पडला आणि खाचा दगडासारख्या टणक झाल्या. वा!

एकच गोष्ट राहिली होती. मोज्यांसाठी घरी वळताना फाळ वर उचलायला ती विसरली होती.

रविवारी सकाळी बाबांची आतून घालायची ढगळ लोकरी विजार घालून ती खिडकीशी स्वतःचं कौतुक करत उभी होती. इतक्यात खिडकीसमोरून एक लाल टोपी सपकन गेली.

"सुप्रभात, बोर्गहिल्ड!"

पाठोपाठ लाकडाच्या राशीत धडाम!

ती तशीच बाहेर धावली. ऐंशी ओलांडलेल्या माग्नहिल्डमावशी ओंडक्यांत बसून टोपी नीट करत होत्या.

"मावशी! इकडे कुठे?"

"चाकोरी आणते तिकडे! सरक बाजूला, मागून मास्तर येताहेत!"

मास्तर आले. त्यांच्यावर बेकरीवाला आइविंड आला, त्याच्यावर त्याची बायको. उतार तीव्र, खाचा गोठलेल्या. बाहेर पडायची सोयच नव्हती. जो तो आधीच्यावर आदळून अदबीने माफी मागत होता.

"चुकलात तुम्ही! मागे फिरा!" बोर्गहिल्ड ओरडत होती.

कोण फिरणार? त्या गावात माणूस एक वेळ पाद्र्यावर संशय घेईल, चाकोरीवर नाही.

आइविंडने मात्र टोपी काढून हातात धरली. "अनफिनची आठवण म्हणून बोलावलंस ना? मी हिला म्हणतच होतो, आज ना उद्या बोलावेल."

दफनानंतर गावाने एकत्र बसून कॉफी प्यायची, गेलेल्याबद्दल बोलायचं, अशी तिथली रीत. बोर्गहिल्डने ती मोडली होती. "मी ठीक आहे, कुणी येऊ नका," म्हणाली होती. तेव्हापासून रस्त्याकडच्या खिडकीचे पडदेही ओढलेले. आणि आता पिशव्यांतून संत्री, थर्मास, तपकिरी चीज लावलेले पाव बाहेर येत होते! मावशी तर स्वयंपाकघरात शिरून वाफलचा, म्हणजे जाळीदार घावनांचा, साचा तापवायला लागल्या होत्या.

"मावशी," ती कुजबुजली, "मी फाळ उचलायला विसरले हो!"

"गप्प बस! तोरलाइव यायचाय अजून."

तोरलाइव आलेच. फाटकातून, अंगणातून, संत्री मांडलेलं बाकडं उडवत ते थेट पायरीशी बसते झाले. त्यांनी वर उताराकडे पाहिलं, चाकोरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ही अनफिनची विजार."

"हो."

बोर्गहिल्डने खिशातून लाल दोरा काढून पुढे केला. "घ्या. वाट तळ्यावर जाते, पण अंगणातून वळसा घेऊन. चूक झाली."

त्यांनी किल्ली घेतली नाही. कंबर चोळत म्हणाले, "आधी कॉफी दे."

त्या दिवशी तळ्यावर कुणीच गेलं नाही. अंधार पडेपर्यंत गावाने अनफिनचे किस्से सांगितले. त्यातले निम्मे तिला ठाऊक नव्हते. एकदा बाबा बोलता बोलता रडलेही होते म्हणे, तोरलाइवच्या मोटारीत मागच्या सीटवर.

निघताना तोरलाइव दारात थांबले. "किल्ली राहू दे तुझ्याकडे. पण पोरी, पुन्हा बोलवायचं झालं तर फोन कर. फाळ खाली ठेवून बोलावू नकोस!"

म्हणजे फाळांचं त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं!

पुढच्या आठवड्यात उबदार वारा सुटला आणि सगळा बर्फ वाहून गेला. शेतं तपकिरी झाली. पण दाबलेला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो. वरच्या वळणापासून तिच्या पायरीपर्यंत दोन पांढऱ्या रेघा तशाच राहिल्या, रस्त्यावरून लख्ख दिसणाऱ्या! तिने राख टाकली, फावड्याने खरवडलं. रेघा ढिम्म.

एक मोटार थांबली. काच खाली करून आइविंडने हाक मारली, "बोर्गहिल्ड! कॉफी आहे का गं?"

तिने फावडं भिंतीला टेकवलं, आत जाऊन साचा तापत ठेवला. त्याआधी विजार मात्र आठवणीने बदलली.